कुठला कंडक्टर?

कल्याणात 'कंडक्टर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. अंगात खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि तोंडात 'पुढे सरका'. जगात दुसऱ्याही जातीचा कंडक्टर असतो, तो काळा कोट घालतो, जमलेल्या मंडळींकडे पाठ करून उभा राहतो, त्याच्या हातात छडी असते आणि सुट्या पैशांवरून त्याचं कोणाशी वाजत नाही, हे ज्ञान मला वयाच्या तिसाव्या वर्षी फोर्टातल्या हपिसात झालं. ते झालं नसतं तर बरं झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण या दोन कंडक्टरांच्या घोळात माझ्या हातून एक आगाऊपणा घडला. तो फेडायला मला बावीस वर्षं लागली आणि शेवटी एक भलाथोरला लाल भोपळा उचलावा लागला.

आमचं गाव तसं गाण्यातलं. गावाचं नावच रागाचं! आगगाडी कल्याणला आली १८५४ साली आणि कल्याण गायन समाज स्थापन झाला १९२६ साली. मधली बहात्तर वर्षं कल्याणकरांनी इंजिनाच्या शिट्ट्यांवर काढली असतील, पण त्यानंतर मात्र गावाला गाण्याचा नाद लागला तो लागलाच. देवगंधर्व भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ समाजाचा महोत्सव होतो. बुवा गेले १९२२ साली. त्यांच्या आवाजाची तबकडी आज ऐकायला मिळत नाही. त्यामुळे झालं आहे असं की, बुवा अजिंक्य आहेत. आमच्या चाळीत एक निवृत्त मास्तर राहत. त्यांना कोणाचीही तबकडी ऐकवा. अब्दुल करीमखाँ ऐकवा, केसरबाई ऐकवा. डोळे मिटून ऐकत, मान डोलवीत, आणि शेवटी एक उसासा सोडून म्हणत, "छान आहे. पण बुवा ते बुवाच!" मास्तरांनी स्वतः बुवांना ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या काकांनी ऐकलं होतं. पण ज्याची तबकडीच नाही त्याला हरवणार कोण?

अशा गावात राहून मी सिंफनीच्या नादी लागलो तो आमच्या हपिसातल्या पारशी साहेबांमुळे. दुपारचा डबा संपला की साहेब काळ्या घोड्याजवळच्या रिदम हाऊसमध्ये जात. ते दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा मी कल्याणात बसून सुतक पाळलं. तिथे काचेच्या खोलीत उभं राहून तबकडी ऐकायची सोय होती. एकदा साहेबांनी मला बरोबर नेलं आणि बीथोव्हनची पाचवी सिंफनी लागोपाठ दोनदा ऐकवली. एकदा टोस्कानिनी नावाच्या कंडक्टरची आणि एकदा फुर्टवेंगलर नावाच्या कंडक्टरची. "फरक समज्यो के, डिकरा?" साहेबांनी विचारलं. मला एवढंच समजलं होतं की दोन्ही वेळा पुष्कळ माणसं एकदम चिडली होती. पण साहेबांच्या हातात माझा गोपनीय अहवाल होता. मी म्हणालो, "जमीन-अस्मानाचा फरक आहे, साहेब!"

साहेब खूश झाले. त्यांनी मला विलायती मासिकांचे जुने अंक वाचायला दिले. त्यांत तबकड्यांची परीक्षणं असत. कोणाचा वेग जास्त, कोणाचे व्हायोलिनवाले पुढे आणि शिंगवाले मागे, कोणी कुठला भाग पुन्हा वाजवायचा टाळला, सगळं अगदी तपशीलवार. मी परीक्षणं आधी पाठ केली आणि सिंफनी नंतर ऐकली. टोस्कानिनी म्हणजे शिस्त. नजर अधू म्हणून सगळं तोंडपाठ करून वाजवून घ्यायचा, लिहिलं आहे त्यात रेसभर इकडे-तिकडे खपवून घ्यायचा नाही, आणि मुसोलिनीपुढेही वाकला नाही. फुर्टवेंगलर म्हणजे चिंतन. कुठे रेंगाळेल आणि कुठे उसळेल याचा नेम नाही. हिटलरच्या राजवटीत जर्मनीतच राहिला म्हणून युद्धानंतर त्याची चौकशी झाली, आणि १९४७ च्या मे महिन्यात तो बर्लिनला आपल्या वाद्यवृंदापुढे पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याने हीच पाचवी सिंफनी वाजवली. हे सगळं वाचल्यावर दोघांत फरक ऐकू येणार नाही अशी माझ्या कानांची काय बिशाद होती?

१९८३ साली मी टेपरेकॉर्डर घेतला. विलायती तबकड्या परवडणाऱ्या नव्हत्या. त्या काळी मुंबईत कोऱ्या कॅसेटवर हवं ते भरून देणारी दुकानं असत. अशाच एका दुकानात मी साठ मिनिटांच्या दोन कोऱ्या कॅसेटी आणि यादी देऊन आलो. एकीवर पाचवी सिंफनी, कंडक्टर फुर्टवेंगलर. दुसरीवर पाचवी सिंफनी, कंडक्टर टोस्कानिनी. आठ दिवसांनी कॅसेटी हातात पडल्या. दोन्ही कार्डांवर मोत्यासारख्या अक्षरात नावं लिहिलेली. ते अक्षर पाहूनच माझा विश्वास बसला. अक्षर सुंदर असलं की मजकूर खरा वाटतो, ही मास्तरांच्या हाताखाली शिकल्याची खोड.

दर रविवारी सकाळी आमच्या दोन खोल्यांत मंडळी जमू लागली. मास्तर, बँकेतला एक तरुण, समोरच्या खोलीतले दोघे-तिघे. पोहे आमच्या हिचे आणि प्रवचन माझं. मी आधी फुर्टवेंगलर लावायचो, मग टोस्कानिनी, आणि मधे छडीऐवजी पोह्यांचा चमचा हवेत फिरवायचो.

पहिल्याच रविवारी मास्तरांनी मुद्द्याला हात घातला. "ह्यात गायकानं स्वतःचं असं काही घालायचं नसतं म्हणतोस. सूर लिहिलेले, क्रम लिहिलेला, वाद्यं ठरलेली. मग दहा जणांनी तेच वाजवलं तर त्यात निवडायचं काय? आमच्याकडे यमन एकच, पण प्रत्येकाचा वेगळा. तुमच्याकडे तर यमनाची झेरॉक्सच काढतात!"

"मास्तर," मी म्हणालो, "सत्यनारायणाची पोथी एकच असते ना?"

"एकच."

"अध्याय?"

"पाच."

"मग आपल्या चाळीत प्रत्येक जण अमुकच भटजी हवेत म्हणून का अडून बसतो? एक भटजी पाच अध्याय पाऊण तासात उडवतात. पुढे ठाकुर्लीला दुसरी पूजा असते. दुसरे साधुवाण्याची नाव बुडाल्यावर थांबतात, घोटभर पाणी पितात, सगळ्यांकडे एकदा पाहतात, आणि मागे बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पोथीत तो थांबा लिहिलेला नाही. कंडक्टर म्हणजे आपला भटजी, मास्तर! पोथी बीथोव्हनची, नाव किती वेळ बुडवायची ते ह्याच्या हातात."

मास्तरांना हे पटलं. मला स्वतःलाही पटलं, आणि इथवरचं ज्ञान खरंच होतं. वेगाच्या बाबतीत तर बीथोव्हनने पोथीतच सोय करून ठेवली होती. ठोके देणारं मेट्रोनोम नावाचं यंत्र नुकतंच निघालं होतं, आणि १८१७ साली त्याने आपल्या तोवरच्या आठही सिंफन्यांचे वेग आकड्यांत छापले. पाचवीच्या पहिल्या भागाला मिनिटाला ठोके १०८. आपल्या जपमाळेचे मणी तेवढेच! पण जपमाळ ओढणाऱ्यांचा वेग जसा एक नसतो, तसा ह्यांचाही नाही. एवढ्या वेगात वाजवणं अवघड म्हणून कोणी म्हणालं यंत्र बिघडलं होतं, कोणी म्हणालं तोवर त्याला ऐकू येत नव्हतं. १९१३ साली आर्थर निकिशने बर्लिनच्या वाद्यवृंदाकडून ही अख्खी सिंफनी तबकड्यांवर वाजवून घेतली, तेव्हा एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत. श्रोत्याने रडू आवरत उठायचं, तबकडी उलटायची, आणि पुन्हा जागेवर येऊन रडू लागायचं. तेव्हापासून आजवर या एका सिंफनीच्या इतक्या तबकड्या निघाल्या आहेत की सगळ्या ऐकायच्या म्हटलं तर माणसाला पेन्शन लवकर घ्यावी लागेल.

या मंडळात मामा आले ते पोह्यांच्या वासाने. मामा आमच्याच चाळीत राहत, आणि एस.टी.त कंडक्टर होते. कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाट चढून आळेफाट्याकडे जाणारी गाडी ही त्यांची नेहमीची ड्यूटी. सुटीच्या रविवारी दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, कंडक्टरचं काहीतरी चाललंय असं ऐकलं. युनियनचं आहे का?"

मी त्यांना आत घेतलं आणि सिंफनी लावली. ते पहिले चार सूर, तीन आखूड आणि एक लांब, वाजले मात्र, मामांनी बशी खाली ठेवली. "ही कसली बेल? एक दिली की थांब, दोन दिल्या की चल. अशी बेल आमच्याकडे कोणी दिली तर ड्रायव्हर गाडी सोडून पळत सुटेल!" पण मग ते ऐकू लागले. मांडी घालून, भिंतीला टेकून, डाव्या हातातलं घड्याळ मधूनमधून बघत. घड्याळ बघणं हा त्यांच्या अंगाचा भाग होता. देवळात आरती चालली असतानाही ते बघत.

मामांचं परीक्षण विलायती मासिकात छापून आलं नसतं, पण ऐकण्यासारखं असे. "हा सुरुवातीलाच टॉप गिअर टाकतो. घाटात काय करणार?" "इथे वळण आलं बघा. माहीतगार ड्रायव्हर वळणाच्या आधी हळू होतो, वळणात नाही." डोळे मिटून इंजिनाच्या आवाजावरून आज स्टिअरिंगवर कोण आहे हे ते सांगू शकत. "गाडी तीच असते, भाऊसाहेब. रस्ता तोच. पण हात बदलला की पॅसेंजरच्या पोटातलं पाणी सांगतं." मंडळी हसत. मीही हसायचो, आणि थोडं खुपायचंही. माझी विशेषणं पाठ केलेली होती. मामांचं विशेषण प्रत्येक वेळी नवं निघे.

आणि मग १९८५ सालचा तो रविवार आला. त्या दिवशी पारशी साहेब स्वतः कल्याणला येणार होते. शेवटी आले नाहीत, पण त्यांच्यासाठी बोलावलेली बरीच मंडळी जमली होती. मी दोन्ही कॅसेटींच्या पहिल्या बाजू, म्हणजे सिंफनीचे पहिले दोन भाग, लागोपाठ ऐकवले आणि बोलायला उभा राहिलो. फुर्टवेंगलर कसा नियतीशी बोलतो, टोस्कानिनी तिच्या अंगावर कसा धावून जातो. एकाचा संथपणा, दुसऱ्याची घाई. मी रंगात आलो होतो.

मामांनी शाळेतल्या मुलासारखं बोट वर केलं.

"भाऊसाहेब, एक विचारू? पहिला संथ आणि दुसरा घाईचा म्हणता. मग दोन्ही गाड्या अठरा मिनिटांनीच कशा पोचल्या? मी तीन रविवार बघतोय. आणि दोन्ही गाड्यांची खिडकीची काच एकाच जागी वाजते. दुसरा भाग लागला की थोड्या वेळानं 'टक्' होतं. ह्याच्यातही आणि त्याच्यातही. मला तर ही एकच गाडी वाटते."

खोलीत क्षणभर शांतता झाली. त्या क्षणी मी कॅसेट पुन्हा लावून पाहिली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण वीस माणसं माझ्याकडे बघत होती. मी हसलो. तसलं हसू माणसाला खोटं ठरायची भीती वाटली की येतं. आणि म्हणालो, "मामा, इथे तिकिटं फाडायची नाहीत. संगीत ऐकायचं आहे."

सगळे खो खो हसले. मामाही हसले. त्यांनी बशीतले उरलेले पोहे संपवले, बशी आत मोरीवर नेऊन ठेवली, "बरं, येतो," म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी त्यांची ड्यूटी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही होती. मग दर रविवारी ड्यूटीच असे. जिन्यात भेटले की "काय भाऊसाहेब!" म्हणत, पण थांबत नसत. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि टोकावड्याच्या अलीकडे त्यांचं गाव होतं तिकडे निघून गेले. मी सामान चढवायला मदत केली. बोललो मात्र नाही. ही एकदा म्हणाली, "मामांना तुम्ही फार लागेल असं बोललात." मी म्हटलं, "गंमत होती ती." गंमत कोणाची आणि खर्च कोणाच्या खात्यावर, हे विचारायचं मी टाळलं.

बावीस वर्षं अशी गेली. चाळ पडली, त्या जागी इमारत झाली, मास्तर बुवांना प्रत्यक्ष ऐकायला वर गेले. मी निवृत्त झालो. कॅसेटी माळ्यावर गेल्या. आणि २००७ सालच्या फेब्रुवारीत एक बातमी वाचनात आली.

जॉइस हॅटो नावाच्या एक इंग्रज पियानोवादक बाई २००६ साली वारल्या. शेवटची कित्येक वर्षं त्या जाहीर कार्यक्रम करीत नव्हत्या. पण त्यांच्या यजमानांची रेकॉर्ड कंपनी होती आणि बाईंच्या नावावर शंभरावर सीडी निघाल्या. समीक्षक थक्क झाले होते. असाध्य आजाराशी झगडणाऱ्या बाई आणि हे वादन! मग एका रसिकाने त्यांची लिस्टच्या रचनांची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर नाव उमटलं भलत्याच माणसाचं, लास्लो सिमोन. तपास झाला, आणि एकेक सीडी दुसऱ्याच कोणाच्या तरी वादनाची निघाली. काहींचा वेग जरासा बदललेला, एवढंच. बाईंसाठी केलं, असं यजमानांनी पुढे कबूल केलं. सगळ्यांत बहार म्हणजे, त्यांतल्या कॉन्चेर्टोंवर ज्या कंडक्टरचं नाव छापलेलं असे, तो रेने कोहलर नावाचा माणूस जगात कधी जन्मलाच नव्हता! त्याचं चरित्र मात्र तयार होतं. आणि एकच वादन मूळ वादकाच्या नावावर असताना ज्यांना बेताचं वाटलं होतं, त्यांनाच ते बाईंच्या नावावर अप्रतिम वाटलं होतं.

मी मोठ्याने हसलो. "हे बघ तुझे समीक्षक!" असं हिला म्हणालो. हिचा आणि समीक्षकांचा काही संबंध नव्हता, पण हसायला कोणीतरी जोडीला लागतं. ती हसली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मामा काय वेगळं म्हणाले होते?"

माळ्यावरून कॅसेटी काढल्या. आमचा जुना टेपरेकॉर्डर आणि मुलाचा टू-इन-वन शेजारी शेजारी ठेवले. एकात फुर्टवेंगलर, दुसऱ्यात टोस्कानिनी. एकाचं बटण मी दाबलं, दुसऱ्याचं हिने. मामांना खोटं ठरवायला, असं मी स्वतःला सांगत होतो.

आमचं यंत्र म्हातारं, ते किंचित मागे पडायचं. बाकी दोन्ही कंडक्टर एकमेकांचा हात धरून चालले होते. नियतीशी बोलणारा आणि तिच्या अंगावर धावून जाणारा, दोघंही त्याच जागी थांबत, त्याच जागी उसळत. दुसरा भाग लागला. हिने हातातलं सूप खाली ठेवलं. आणि टू-इन-वनमधून आवाज आला, 'टक्'. मागोमाग आमच्या टेपरेकॉर्डरने म्हटलं, 'टक्'.

दुकानातल्या पोऱ्याने एकाच चरे पडलेल्या तबकडीवरून दोन्ही कॅसेटी भरल्या होत्या आणि कार्डांवर मी दिलेली नावं सुवाच्य अक्षरात लिहिली होती. मी दोन वर्षं त्या अक्षराचं परीक्षण करीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी लोकलने मुंबईला गेलो आणि रिदम हाऊसमधून दोन सीडी घेतल्या. एक अस्सल फुर्टवेंगलर, एक अस्सल टोस्कानिनी. मुलाचं सीडी वाजवायचं यंत्र पिशवीत घातलं आणि कल्याणच्या स्टँडावर मुरबाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. शहाड गेलं, रायत्याचा पूल गेला, मुरबाड गेलं. सरळगाव येईपर्यंत मी माफीची चार वाक्यं तयार केली आणि चारही खोडली. खिडकीची काच सबंध वाटभर वाजत होती.

मामा ओसरीवर बसले होते. केस पांढरे, हातातलं घड्याळ तेच. "या भाऊसाहेब," म्हणाले, जणू काल रविवारच होता. मी पाणी प्यालो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी एकच होती. काच एकाच जागी वाजत होती. तुमचं बरोबर होतं, आणि मी तुम्हाला चारचौघांत वाईट बोललो.

"असं?" मामा म्हणाले. "मी तर विसरूनही गेलो." मग थोडं थांबून म्हणाले, " 'इथे तिकिटं फाडायची नाहीत, संगीत ऐकायचं आहे,' असंच काहीतरी म्हणाला होतात ना?"

काही बोलायला मला जागाच उरली नव्हती. मामांनाच दया आली. म्हणाले, "भाऊसाहेब, कंडक्टरनं चुकीचं तिकीट फाडलं की ते पुन्हा चिकटवता येत नाही. फरक खिशातून भरायचा आणि हिशेब जुळवायचा. तुम्ही इतक्या लांब आलात, भरला समजा. आता ते लावा काय आणलंय ते."

या खेपेला मी नावं सांगितली नाहीत. सीडी मामांना दिसू दिल्या नाहीत, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तोंड बंद ठेवून पाचवी सिंफनी ऐकली. मामांनी भिंतीला टेकून, घड्याळ बघत, एकीमागून दुसरी ऐकली. घरातली नातवंडं आधी हसली, मग गप्प बसली. आणि खरं सांगतो, मलाही त्या दिवशी फरक प्रथमच ऐकू आला. कार्डावरचा नव्हे, कानातला.

"ह्या दोन गाड्या खऱ्याच वेगळ्या," मामा म्हणाले. "दुसरी लवकर पोचली. पहिल्याचं लक्ष पॅसेंजरकडे आहे. घाटात धुकं दिसलं की हळू घेतो, मोकळा रस्ता मिळाला की सोडतो. दुसऱ्याचं लक्ष टाइमटेबलाकडे. पण हात पक्का, एक गचका नाही दिला."

"चांगला कुठला?" मी विचारलं.

"कुठे जायचंय त्यावर आहे," मामा म्हणाले. "आईला घेऊन देवदर्शनाला निघालो तर पहिल्याच्या गाडीत बसेन. कोर्टाची तारीख असेल तर दुसऱ्याच्या." मग जरा चाचरत म्हणाले, "पण तुमची ती जुनी कॅसेट आणलीय का हो? ती 'टक्'वाली?"

आणली होती. पुरावा म्हणून. त्यांच्या मुलाच्या टेपरेकॉर्डरवर लावली. 'टक्' झालं तेव्हा मामा लहान मुलासारखे हसले. "ही आपली गाडी," म्हणाले. ती कॅसेट मी तिथेच ठेवून आलो. दुसरी माझ्याकडे आहे. ती कोणाची गाडी हे मला आजही ठाऊक नाही. नातू म्हणतो, मोबाइलला ऐकवा, तो क्षणात नाव सांगेल. मी ऐकवत नाही. नाव कळलं की मी पुन्हा त्या नावाचंच परीक्षण करू लागेन, इतका मी स्वतःला ओळखतो.

निघताना मामांनी परसातला एक लाल भोपळा माझ्या हातात दिला. तो हातात मावेना. "दंड," ते म्हणाले. "कल्याणपर्यंत मांडीवर घेऊन जायचा. खाली ठेवलात तर लगेजचं तिकीट पडेल." आणि रस्त्यापर्यंत येऊन, गाडी थांबवून, मला चढवून त्यांनी स्वतःच्या हाताने टण्‌टण् डबल बेल दिली. गाडीतला कंडक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हिने आधी भोपळा घेतला आणि मग मला आत घेतलं.

"काय ठरलं मग?" तिने विचारलं. "कुठला कंडक्टर चांगला?"

"टोकावड्याचा," मी म्हणालो.